घोळक्यातली सायकल : वाचकांचे प्रश्न

दसरा उलटला, पाऊस ओसरला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात रविवारच्या सायकल फेऱ्या सुरू होतात. कुणी एखाद्या आयोजित राइडला नाव नोंदवतं, कुणी गल्लीतली चार घरं गोळा करून निघतं. या महिन्यातल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

आमच्या गल्लीतली पाच कुटुंबं मिळून रविवारी सायकलवरून जायचं म्हणतोय. एकूण सोळा जण. त्यात नऊ ते चौदा वर्षांची पाच मुलं आणि साठीतले दोन काका आहेत. कुठं जावं, किती लांब जावं आणि सगळ्यांना एकत्र कसं ठेवावं? (टिळकवाडी)

पहिल्या खेपेला जाऊन-येऊन २० किलोमीटरच्या वर जाऊ नका. मुलं कधीच लांब गेली नसतील तर आधी एक रविवार कॅम्पातल्या झाडांखालच्या रस्त्यांवर १०-१२ किलोमीटर फिरा. कोण किती दमतं, कोणाची चेन उतरते, कोण मध्येच थांबून फोन काढतं, हे तिथंच कळतं. पुढच्या रविवारी अनगोळ-वडगावच्या बाजूनं येळ्ळूर गाठा. रस्ता बराचसा सपाट आहे, दोन्ही बाजूंना भाताचं शिवार आहे. राजहंसगडाचा चढ मात्र त्या दिवशी सोडून द्या. ज्यांना हौस आहे त्यांनी पायथ्याला सायकली लावून चालत जावं.

वेळेचा हिशोब असा करा. अशा घोळक्याचा खरा वेग ताशी १० ते १२ किलोमीटर असतो. म्हणजे २० किलोमीटरला दोन तास नुसती चाकं फिरणार. शिवाय १०-१५ मिनिटांचे तीन थांबे धरा. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. त्यामुळे मुलं बरोबर असताना साडेसहाच्या आधी निघण्यात अर्थ नाही. सातला निघालात तर दहाच्या आत घरी.

सोळा जण एका रांगेत नेऊ नका. आठ-आठचे दोन गट करा आणि मध्ये १०० मीटर अंतर ठेवा. मागून येणारी बस किंवा टेम्पो एक गट ओलांडून डावीकडे येऊ शकतो, मग दुसरा ओलांडतो. सोळा जणांची अखंड रांग असली की ड्रायव्हर निम्म्यात येऊन अडकतो, समोरून गाडी दिसते आणि तो सायकलींवर गाडी घालतो. आयोजित राइडमध्ये होणारे बरेच घोटाळे इथंच होतात.

प्रत्येक गटाला एक पुढचा आणि एक शेवटचा माणूस ठरवून द्या. पुढच्यानं कुणालाही आपल्यापुढे जाऊ द्यायचं नाही, शेवटच्यानं कुणालाही मागे टाकायचं नाही. पंप आणि अवजारं शेवटच्याकडे असतात, कारण पंक्चर झालेला माणूस आपोआप त्याच्याकडेच येतो. सगळ्यात हळू चालवणारा, म्हणजे बहुधा एखादे काका किंवा धाकटं मूल, पुढच्या माणसाच्या लगेच मागे ठेवा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात, हळू माणसाला शेवटी टाकतात. मग तो दर थांब्यावर सगळ्यांत उशिरा पोचतो, तोवर बाकीच्यांची विश्रांती झालेली असते, आणि तो पोचला की सगळे निघतात. ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही. दुसऱ्या जागेवर असला तर पुढच्याला त्याचा श्वास ऐकू येतो आणि वेग तिथल्या तिथे उतरतो.

मुलांसाठी एक मोठा माणूस पुढे आणि एक मागे, पण मागचा मुलाच्या किंचित उजवीकडे, रस्त्याच्या बाजूला. मूल अचानक उजवीकडे वळलं तर मध्ये मोठा माणूस येतो.

वळणावर चुकामूक टाळायची सोपी रीत आहे. फाटा आला की पुढच्याच्या मागचा जाणता माणूस तिथं थांबतो, सगळ्यांना दिशा दाखवतो आणि शेवटचा माणूस आला की त्याच्याबरोबर निघतो. पुढच्या फाट्यावर दुसरा कोणी. हे काम मुलांना आणि हळू चालवणाऱ्याला द्यायचं नाही. मोबाईलवरच्या नकाशापेक्षा ही रीत जास्त भरवशाची. खानापूरच्या जंगलाकडे तर रेंजच जाते.

बेळगावातल्या ५० किलोमीटरच्या राइडला आम्ही दोघा भावांनी नाव नोंदवलं आहे. आदल्या दिवशी काय काय बघावं? (निपाणी)

आधी नोंदणीचा कागद नीट वाचा. सुरुवात किती वाजता, पाण्याचे थांबे कितव्या किलोमीटरवर, वेळेची मर्यादा किती, मागे राहिलेल्यांसाठी गाडी आहे का, आणि रस्ता बंद करून राइड आहे की चालू वाहतुकीतून. शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, आणि तीच कुणी विचारत नाही. निपाणीहून राइडच्या पहाटे पुणे-बंगळूर हायवेनं सायकलवर यायचा बेत असेल तर सोडा. आदल्या दिवशी गाडीत सायकली घालून या. वंटमुरी घाटात अंधारात ट्रकांच्या बाजूनं सायकल चालवण्यात कसलंच शौर्य नाही.

आता सायकल. दुकानात द्यायची तर आठवडाभर आधी द्या. आदल्या संध्याकाळी नवा सुटा भाग बसवू नका. नव्या ब्रेकच्या आणि गिअरच्या केबली पहिल्या काही दिवसांत ताणतात आणि दुसऱ्याच दिवशी गिअर उड्या मारायला लागतो.

हवा : टायरच्या बाजूला कमीत कमी आणि जास्तीत जास्त पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) छापलेलं असतं. त्या दोन्हींच्या मध्ये राहा. सत्तर किलोच्या माणसाला ७०० बाय ३५ च्या टायरला साधारण ६० ते ६५, २६ बाय १.९५ च्या जाड टायरला ४० ते ४५, रोड बाइकच्या २५ च्या टायरला ८५ ते ९० पुरतं. अंगठ्यानं दाबून बघण्यावर विसंबू नका, ४० आणि ६० मधला फरक अंगठ्याला कळत नाही. पेट्रोल पंपावर भरणार असाल तर नळी लावून क्षणभर दाबा आणि सोडा, पुन्हा दाबा. सायकलच्या ट्यूबमध्ये जागा थोडी असते, सलग दाबलं तर ट्यूब फुटते. बारीक वाल्वच्या ट्यूबला पंपावरची नळी बसत नाही, त्यासाठी छोटी पितळी टोपी मिळते. ती वीस-तीस रुपयांची वस्तू पिशवीत कायम ठेवा.

ब्रेक : लिव्हर पूर्ण दाबला तरी तो आणि हँडलची मूठ यांच्यात दोन बोटं राहिली पाहिजेत. मागचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला, चाक घासत गेलं पाहिजे. पुढचा दाबून ढकला, मागचं चाक उचलायला हवं. ब्रेकच्या रबरावर खाचा असतात. त्या झिजून सपाट झाल्या की रबर बदला. रबरात वाळूचा किंवा धातूचा कण रुतला असेल तर टाचणीनं काढा, नाहीतर रिमवर ओरखडे पडतात.

चाकं : क्विक रिलीजची (चाक अवजाराशिवाय काढता-बसवता येणारी) दांडी बंद करताना तळहातावर तिचा ठसा उमटला पाहिजे. सहज बंद झाली तर ती सैल आहे.

चेन : कोरड्या फडक्यानं पुसा, प्रत्येक कडीवर एक थेंब तेल, पॅडल उलटं फिरवा, दहा मिनिटं थांबा आणि बाहेरचं सगळं तेल पुसून घ्या. तेल कडीच्या आत हवं, बाहेर राहिलेल्या तेलावर धूळ बसते आणि जांबोटीकडची तांबडी धूळ तर घासकागदासारखीच काम करते. स्वयंपाकघरातलं खोबरेल आणि गॅरेजातलं काळं इंजिन ऑइल, दोन्ही नकोत.

सीट : चप्पल काढून टाच पॅडलवर ठेवा, पॅडल सगळ्यांत खाली. गुडघा सरळ झाला पाहिजे. मग तळपायाचा पुढचा भाग पॅडलवर घेतला की गुडघ्यात थोडा वाक येतो. भाऊभाऊ एकमेकांच्या सायकली घेतात आणि सीट तशीच ठेवतात. वीस किलोमीटरनंतर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखलं तर बहुधा सीट खाली आहे, मागच्या बाजूला दुखलं तर वर आहे.

हेल्मेट भुवईच्या वर दोन बोटं. हनुवटीखाली एक बोट जाईल इतकाच पट्टा सैल. कपाळ उघडं ठेवून मागे सरकवलेलं हेल्मेट पडताना काहीच करत नाही.

राइडमध्ये पुढच्यानं ब्रेक मारला की मागचे एकमेकांवर आदळतात. नेमकं किती अंतर ठेवायचं? हाताच्या खुणा कोणत्या? (खानापूर)

सपाटीला एक सायकल, म्हणजे साधारण दोन मीटर. उताराला किमान दहा मीटर. पावसात याच्या दुप्पट.

अंतरापेक्षाही एक गोष्ट पक्की करा. तुमचं पुढचं चाक समोरच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधीच येऊ द्यायचं नाही. तो खड्डा चुकवायला हातभर सरकला, चाकं एकमेकांना लागली, तर पुढचा सरळ निघून जातो आणि मागचा पडतो. कारण त्याचं वळवायचं चाकच अडकलेलं असतं. पडलेल्यावर तिसरा येतो. गप्पा मारत दोघे बाजूबाजूनं चालवतात तेव्हा हे फार होतं. गप्पा थांब्यावर.

खुणा थोड्याच ठेवा. हात वर, पंजा उघडा : थांबतोय. बोट खाली : खड्डा, खडी, गतिरोधक. पाठीमागे हात नेऊन हलवला : या बाजूला अडथळा आहे, सरका. पण दोन्ही हात ब्रेकवर असताना हात सोडून खूण करू नका, त्यावेळी ओरडा. "खड्डा", "मागून गाडी", "थांबतोय" एवढे तीन शब्द पुरतात. कानडी बोलणारे सोबत असतील तर निघायच्या आधी हेच शब्द सगळ्यांना एकदा सांगून ठेवा. पुढच्याची आरोळी प्रत्येकानं मागे पोचवायची, नाहीतर पाचव्या माणसापर्यंत ती जातच नाही.

थांबायचं असेल तेव्हा आधी रस्ता सोडून खाली उतरायचं, मग ब्रेक. डांबरावर घोळका करून उभं राहणं ही आपल्याकडची फार जुनी खोड आहे.

चोर्ल्याच्या किंवा कुठल्याही घाटाच्या उताराबद्दलही तुम्ही विचारलं आहे. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात ब्रेक सोडलेले हवेत. दोन्ही ब्रेक वापरा. पुढच्या ब्रेकला घाबरून फक्त मागचा दाबत राहिलात तर चाक घसरतं आणि सायकल थांबायला भरपूर अंतर लागतं. ब्रेक सतत धरून ठेवू नका. चार सेकंद दाबा, सोडा, पुन्हा दाबा. सलग घासल्यानं रिम तापते, डिस्क ब्रेक असेल तर पॅडची पकड जाते. वळणात बाहेरच्या बाजूचं पॅडल खाली आणि त्यावर वजन. आतलं पॅडल खाली राहिलं तर ते रस्त्याला टेकतं. रिम ओली असेल तर ब्रेक दाबल्यावर पहिले एक-दोन फेरे नुसतं पाणी पुसलं जातं, पकड नंतर येते, हे धरूनच आधी दाबायला सुरुवात करा.

पंक्चर काढून ट्यूब घातली की पाच मिनिटांत पुन्हा हवा जाते. ट्यूबच खराब येतात का? (संकेश्वर)

ट्यूब बहुतेक वेळा चांगली असते. काटा टायरमध्येच राहिलेला असतो. बाभळीचं टोक टायरच्या बाहेरून मोडतं आणि आतल्या बाजूला तांदळाच्या कणीएवढं वर राहतं. डोळ्यांना दिसत नाही. टायरच्या आतून बोटं सावकाश पूर्ण गोल फिरवा, किंवा कापसाचा बोळा फिरवा. जिथं कापूस अडकेल तिथं काटा. तो चिमट्यानं ओढून काढा.

भोक कसं आहे तेही बघा. शेजारी-शेजारी दोन बारीक चिरा असतील तर काट्याचा संबंध नाही. हवा कमी होती, चाक खड्ड्याच्या कडेवर आपटलं आणि रिमच्या दोन्ही कडांनी ट्यूब चिमटली. भोक ट्यूबच्या आतल्या, म्हणजे रिमच्या बाजूला असेल तर रिमवरची पट्टी सरकून स्पोकचं टोक लागतंय. वाल्वच्या मुळाशी चीर असेल तर ट्यूब आत वळलेली बसली होती. चार जागा, चार कारणं. म्हणून ट्यूब काढताना ती टायरमध्ये कशी बसली होती ते ध्यानात ठेवा, वाल्वच्या जागेवरून टायरवरची जागा लगेच मिळते.

पॅच लावताना घाई करू नका. घासकागदानं ट्यूब खरवडा, सोल्यूशन पातळ लावा आणि तीन ते पाच मिनिटं सुकू द्या. बोटाला चिकटायचं बंद झालं की पॅच दाबा. ओल्या सोल्यूशनवर लावलेला पॅच हवा भरली की सुटतो. राइडमध्ये मात्र पॅच लावत बसू नका, सरळ दुसरी ट्यूब घाला आणि पॅच घरी.

ऊस तोडणीच्या दिवसांत आमच्याकडे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते. राइड घ्यावी की नाही? (चिकोडी)

घ्या, पण कारखान्याकडे जाणारे रस्ते टाळून आणि उजेडात. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर वळताना दुसरी ट्रॉली आतल्या बाजूला ओढली जाते. म्हणून त्याच्या डावीकडून कधीच पुढे जाऊ नका. ट्रॉलीच्या बाहेर लोंबणारा ऊस सायकलवाल्याच्या बरोबर चेहऱ्याच्या उंचीवर येतो. मागे असाल तर वीस मीटर मागेच राहा. चढाला ट्रॅक्टर कधी कधी मागे घसरतो आणि चाकाखालचा दगड घेऊन माणूस धावत सुटलेला असतो, ते दृश्य तुमच्या ओळखीचं असेलच. रस्त्यावर पडलेलं उसाचं टिपरू चाकाखाली आडवं आलं तर चालतं, उभं, म्हणजे रस्त्याच्या दिशेनं आलं तर चाक त्यावरून घसरतं. रेल्वे रुळांचंही तसंच. गेटवर रूळ काटकोनात ओलांडा.

भाताच्या सुगीत रस्त्यावर पसरलेल्या पिंजरावरून जाऊ नका. ते फ्रीव्हीलमध्ये (मागच्या दातेरी चाकांत) आणि डिरेलरच्या, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाच्या, चाकांत गुंडाळतं आणि सुरीनं कापून काढावं लागतं.

मी आणि माझी आक्का दोघी राइडला येणार आहोत. ती साडी नेसते, मी पंजाबी ड्रेस. चालेल का? काय खावं? (उचगाव)

आक्कांनी नऊवारी कासोटा घातला तर प्रश्नच नाही. पाचवारी असेल तर सायकलला पूर्ण चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी हवी, पदर कमरेला खोचलेला. ओढणी घरी ठेवा. चेनपेक्षा मागच्या चाकात अडकलेली ओढणी जास्त धोक्याची, कारण ती गळ्यातून ओढली जाते. सलवारचा उजवा पाय रबरानं किंवा पट्टीनं बांधा.

खाण्याचं म्हणाल तर निघायच्या तासभर आधी अर्धी बशी उप्पीट किंवा एक भाकरी आणि केळं. पोटभर नको. वाटेत दर तासाला एक केळं, किंवा मूठभर शेंगदाणे-गूळ. कुंदा परत आल्यावर. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, तहान लागण्याआधीच घोट-घोट. दोन तासांपेक्षा जास्त असेल तर ओआरएसची पुडी, किंवा एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ अंदाजानं टाकू नका. रक्तदाब, साखर किंवा हृदयाचं औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. चढावर पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग जास्त झाला आहे, एक गिअर हलका करा.

२०० किलोमीटरची ब्रेव्हे म्हणजे शर्यत का? बॅटरीची सायकल चालते का? (बैलहोंगल)

शर्यत नाही. ठरलेल्या वेळेत अंतर पुरं करायचं, नंबर नसतो. २०० ला १३ तास ३० मिनिटं, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४० तास. मधल्या ठाण्यांनाही उघडण्या-बंद होण्याच्या वेळा असतात, थांब्यांचा वेळ याच हिशोबात धरलेला असतो. हेल्मेट, पुढे-मागे दिवे आणि चमकणारं जाकीट हवंच. बॅटरीची सायकल चालत नाही, ती गल्लीच्या राइडला बेलाशक आणा. साठीतल्या मामांना त्यामुळे चढ सोपा होतो. फक्त त्यांना पुढे ठेवू नका, बाकीच्यांचा दम निघतो.

वाऱ्याबद्दल तुम्ही विचारलं आहे. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून, हिवाळ्याच्या सकाळी बहुधा पूर्वेकडून. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, येताना तो पाठीशी असेल.

सीमेजवळ अपघात झाला तर फोन कुणाला? (शिनोळी)

११२ आणि रुग्णवाहिकेला १०८, दोन्ही राज्यांत तेच. पण बोलताना आधी राज्य सांगा, मग गाव, मग किलोमीटरच्या दगडावरचा आकडा. दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग. पडलेल्याच्या मानेला किंवा पाठीला दुखत असेल तर त्याला हलवू नका, हेल्मेट ओढून काढू नका, एकजण मागे जाऊन वाहतूक थांबवा.

राइड संपल्यावर सायकली टेम्पोत एकावर एक रचून आणल्या. घरी आल्यावर चार सायकलींचे गिअर बिघडले. (हुक्केरी)

मागचा डिरेलर ज्या पातळ पट्टीवर लटकतो ती वाकली असणार. ती मुद्दामच मऊ धातूची असते, म्हणजे फ्रेम वाचते. आडवी ठेवायचीच असेल तर चेनची बाजू वर ठेवा, मागचा गिअर सगळ्यांत मोठ्या दातेरी चाकावर घ्या म्हणजे डिरेलर आत सरकतो, आणि दर दोन सायकलींमध्ये एक पोतं किंवा चादर घाला. उभ्या ठेवता आल्या तर एकीचं हँडल पुढे, दुसरीचं मागे, अशा आलटून-पालटून लावा आणि फ्रेमला दोरी बांधा, चाकाला नको. वाकलेली पट्टी हातानं सरळ करू नका, मोडते. दुकानात त्यासाठी मापाची पट्टी असते. नवी घ्यायची तर जुनी काढून सोबत न्या. प्रत्येक फ्रेमची वेगळी असते आणि फोनवर फोटो पाठवून बरोबर मिळत नाही.